गुळव्या जन्मावा लागतो का?

आमच्या पंचगंगेच्या काठाला जुनी माणसं एक गोष्ट फार ठामपणे सांगायची. लागण कुणीबी करंल, घाणा कुणीबी घालंल, चुलवाणात चिपाडं कुणीबी सारंल, पण गुळव्या मात्र जन्मावा लागतो. त्याच्या नजरेत, नाकात आणि हातात ते उपजतच असावं लागतं. नसलं तर मग सात पिढ्या गुऱ्हाळावर काढल्या तरी येत नाही.

हे ऐकतच मी मोठा झालो. १९७७ साली दहावी झालो आणि शाळेचं दप्तर खुंटीला लागलं. वडील म्हणाले, आता औत धर. मी औत धरलं आणि हिवाळ्यात गुऱ्हाळावर जायला लागलो. पुढं गुळवं करायला शिकलो आणि पंचवीस-तीस हंगाम केलंही. माझ्या बापजाद्यांत कुणी गुळव्या नव्हता. म्हणून या 'जन्मावा लागतो'वर मला चार शब्द बोलायचा हक्क आहे असं मी समजतो. हा विषय आत्ता निघाला तो मात्र गुळामुळं नाही, कॉम्प्युटरमुळं.

धाकट्या भावाची मुलगी कोल्हापुरात बी. एस्सी. झाली. मग म्हणाली, मला पुण्यात जाऊन प्रोग्रॅमिंग शिकायचंय. भावानं कारखान्याचं उसाचं बिल आलं तसं तिच्या क्लासला भरलं. राहणं-खाणं वेगळं. पोरगी हुशार, पण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आणि घरात कॉम्प्युटर कधी नव्हता. दोन-तीन महिने झाले आणि क्लासातल्या एका शिकवणाऱ्यानं तिला सरळ तोंडावर सांगितलं, "हे सगळ्यांच्या डोक्यात बसत नाही. त्याला मुळात तसा मेंदू लागतो. तू दुसरं काहीतरी बघ." पोरगी सुट्टीला आली ती गप्पच. जेवायची नाही, बोलायची नाही.

रात्री भाऊ माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, पैसं गेलं ते गेलं. पण जे डोक्यातच न्हाई त्याच्या मागं तिनं कशाला झुरावं? एक स्थळ आलंय, चांगलं हाय. तिला माघारी आणावं का?"

प्रश्न साधा नव्हता. उत्तरावर एका पोरीची पुढची चाळीस वर्षं अडकलेली होती. मला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण 'मुळात असावं लागतं' हे वाक्य मला ओळखीचं होतं. आमच्या गुऱ्हाळावरचंच ते वाक्य, पुण्याला जाऊन कपडे बदलून आलेलं.

आता गुळव्याचं काम म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. घाण्यातनं रस निघतो, तो काहिलीत घेतात. खाली चुलवाण पेटवायचं. रस तापायला लागला की मळी वर येते. रानभेंडीची झाडं ठेचून तिचा चिकट रस त्यात घालायचा, म्हणजे मळी गोळा होऊन वर तरंगते. ती झाऱ्यानं काढायची. रस आंबूस असला तर चुन्याची निवळी. किती, ते रस बघून. मग दोन-अडीच तास आटवायचं. पाक ११८ अंशाच्या आसपास गेला की गूळ होतो. काकवी हवी असंल तर त्याच्या बऱ्याच आधी, १०५-१०६ अंशाला उतरायचं. पण त्या काळी गुऱ्हाळावर थर्मामीटर कुठला? गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायचा, आणि म्हणायचा, "हूं. उतरा." की चारी बाजूंनी माणसं काहिलीला झोंबायची. जरा आधी उतरलं तर गूळ घट्ट होत नाही, पाघळतो. जरा उशीर झाला तर करपतो, काळा पडतो. एक टन उसामागं साधारण क्विंटलभर गूळ. वर्षाच्या घामाचं सोनं की माती, ते त्या दोन-तीन मिनिटांत ठरायचं.

बघणाऱ्याला वाटायचं, ही जादूच. बोटाला कळतं म्हणजे काय? म्हणूनच 'जन्मावा लागतो'.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी मला 'असं कर, तसं कर' फारसं सांगितलं नाही. त्यांची रीत वेगळी. काहील उतरवायच्या आधी ते मला विचारायचे, "बोल, झाला का?" मी झाला म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. गप्प बसायचं नाही. मग मामा स्वतःचं सांगायचे. आणि दुसऱ्या दिवशी वाफ्यातला गूळ रव्यात भरून गार झाला की मला घेऊन जायचे. रवा फोडायचा, रंग बघायचा, कण बघायचा, जिभेवर ठेवायचा. "काल तू कवा झाला म्हणलास? आनि मी कवा उतरलं? आता ह्यो गूळ बघ आनि सांग कुनाचं बरोबर." दिवसाला चार-पाच आदणं. हंगामाला शे-दोनशे दिवस. म्हणजे एका हंगामात पाचशेच्यावर वेळा मी बोललो आणि पाचशेच्यावर वेळा गुळानं मला उत्तर दिलं. तिसऱ्या हंगामात माझं आणि मामांचं बोलणं एकाच वेळी यायला लागलं. सातव्या हंगामात मामा पायाला कंबळ गुंडाळून बांधावर बसले आणि म्हणाले, "आज तू उतर."

ह्यात जन्माचं काय होतं? काही नव्हतं. रोजचं होतं.

आणखी एक. मामांच्या डोळ्यात पुढं मोतीबिंदू पिकला. पाकाचा रंग त्यांना दिसेना. तरी त्यांचं आदण चुकत नव्हतं. आधी रस खळखळ उकळतो, मग बुडबुडे जड होतात आणि आवाज फदफद असा येतो. मामा त्या आवाजावर आणि वासावर उतरायचे. म्हणजे ज्या नजरेला लोक उपजत म्हणत होते, ती गेल्यावरही गुळव्या शिल्लक होता. नजर हे एक अवजार झालं. एक अवजार मोडलं तर माणूस दुसरं घेतो.

हे सगळं मी पुतणीला सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आण्णा, पण ते सर म्हणाले त्याला पुरावा आहे म्हणे. इंग्लंडात तसा अभ्यास झालाय." मी म्हटलं, मग तो अभ्यास काय होता ते तरी बघ की. तिनं मोबाईलवर दोन दिवस शोधलं, इंग्रजीतलं वाचलं, मला मराठीत सांगितलं. तिचा चेहरा दोन दिवसांत जरा मोकळा झालेला मला दिसला. ती गोष्ट अशी.

लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठात सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नॅट असे दोघे. २००६ साली त्यांनी एक लेख लिहिला. म्हणणं असं की विद्यार्थी दोन जातीचे असतात, उंटाच्या दोन मदारींसारखे. एका मदारीला प्रोग्रॅमिंग येतं, दुसरीला येत नाही, आणि कितीही शिकवलं तरी येत नाही. कुठला कुठल्या मदारीतला, हे काही न शिकवता आधीच ओळखता येतं. त्यासाठी एक छोटी परीक्षा. तिच्यातला प्रश्न पुतणीनं मला घातला. अ म्हणजे १०. ब म्हणजे २०. आता खाली लिहिलंय, अ = ब. तर आता अ किती आणि ब किती?

मी जरा थांबलो. शाळेतलं गणित धरलं तर हे खोटंच आहे, दहा म्हणजे वीस कसं? ती म्हणाली, "आण्णा, हे गणितातलं 'बरोबर' नाही. ही आज्ञा आहे. ब मध्ये जे आहे ते अ मध्ये ठेव." मग मी विचारलं, "ब मधलं काढून न्यायचं, का त्याची नक्कल करायची?" ती टाळी वाजवून हसली. म्हणाली, "बरोब्बर हाच प्रश्न आहे!" मी म्हटलं, हे तर सातबाऱ्यासारखं झालं. तलाठ्याकडनं उतारा आणला म्हणून मूळ दप्तर कोरं होत नाही. नक्कल असली तर दोन्हीकडं वीस. आणि अ मधले जुने दहा गेले, पुसले. ती म्हणाली, उत्तर तेच.

म्हणजे दहावी शिकलेला शेतकरी त्या परीक्षेत पास. पण मला त्याचं कौतुक नाही. मला कौतुक पुढच्या गोष्टीचं. २०१४ साली त्याच बोर्नॅट यांनी जाहीरपणे लिहून तो दावा मागं घेतला. आपण नको तेवढं मोठं बोललो, त्या चाचणीनं कुणाला येईल आणि कुणाला येणार नाही हे असं वेगळं काढता येत नाही, हे त्यांनी कबूल केलं. आठ वर्षं ती गोष्ट जगभर फिरली, कितीतरी शिकवणाऱ्यांनी ती आपल्या सोयीसाठी वापरली असंल. मागं घेतलेलं मात्र फार थोड्यांपर्यंत पोचलं. पुण्यातल्या त्या क्लासापर्यंत पोचलं नव्हतं.

त्या अभ्यासातलं एक मात्र खरं असावं असं मला वाटतं. ज्या मुलांनी उत्तर चुकीचं दिलं, पण सगळ्या प्रश्नांना एकच नियम धरून दिलं, त्यांना पुढं शिकणं सोपं गेलं. जी मुलं एका प्रश्नाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा लावत होती, त्यांना जड गेलं. मामा तरी दुसरं काय करून घेत होते? "बोल, झाला का?" म्हणजे आधी तुझा नियम सांग. मग तो चुकला तर कुठं चुकला ते कळंल. नियमच नसला तर चुकलं काय आणि बरोबर आलं काय, दोन्ही सारखंच.

आता एका गोष्टीचा विचार बघा. आमच्या गावात भाकरी कुणाला येत नाही? ज्वारीच्या पिठाला गहू-मैद्यासारखी चिकाटी नसते. पाणी जास्त झालं तर हाताला चिकटतं, कमी झालं तर कडा फाटतात. थापताना भाकरी परातीत फिरली पाहिजे, उचलताना तुटता कामा नये, तव्यावर टाकल्यावर वरनं पाण्याचा हात फिरला पाहिजे, आणि मग आरावर तिचा टम्म पापुद्रा सुटला पाहिजे. हे काम गुळव्याच्या कामापेक्षा सोपं नाही. तरी कुणी कधी म्हणालं का, की भाकरी करणारी जन्मावी लागते? नाही. कारण गावात एकाही पोरीला 'तुझ्या डोक्यात हे बसणार नाही' म्हणायची सोय नव्हती. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला तरी आई म्हणायची, "घाल तव्यावर, खाईल कुणीतरी." दुसऱ्या दिवशी पुन्हा परात पुढं. वर्षभरात पोरगी दहा माणसांच्या भाकरी थापायची. पुरुषांना मात्र येत नाही. त्यांच्या हाताला काय झालंय? काही नाही. त्यांना कुणी बसवलं नाही एवढंच. लष्करातनं आलेले आमच्या गल्लीतले एक सुभेदार बायकोपेक्षा गोल भाकरी करतात.

म्हणून मी भावाला म्हटलं, "आपन भाकरीला एक न्याय लावतो आनि कॉम्प्युटरला दुसरा. पोरीला भाकरी आली न्हाई तर पुन्हा थाप म्हनतो, आनि प्रोग्रॅम आला न्हाई तर लग्न कर म्हनतो."

भाऊ काही बोलला नाही. पण स्थळाला होकारही कळवला नाही.

इथं मी एकच बाजू मांडली तर लबाडी होईल. सगळ्यांना येतं म्हणणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यासारख्या खेड्यात जन्मलेले विजय भटकर पुण्यात सी-डॅकचे प्रमुख झाले आणि १९९१ साली 'परम' महासंगणक उभा राहिला, ही गोष्ट व्यासपीठावर सांगून पोरांना सांगतात, बघा, तुम्हीबी होशीला. पण एक माणूस फार उंच गेला यावरनं सगळे जातील हे कुठं ठरतं? खेड्यात जन्मणं आड येत नाही, एवढंच त्यातनं कळतं. तेवढंही पुष्कळ आहे. पण तेवढंच.

आमच्या गुऱ्हाळावर एकजण वीस हंगाम चुलवाणाला जळण घालत होता. आगीतलं त्याला सगळं कळायचं. कुठं चिपाड सारायचं, कधी जाळ बसवायचा, मामांच्या तोंडातनं शब्द निघायच्या आधी करायचा. पण वीस वर्षं काहिलीपासनं चार हात लांब असून तो गुळव्या झाला नाही. का? त्याला कुणी कधी विचारलंच नाही, "बोल, झाला का?" आणि त्यानंही डोकं वर करून काहिलीत बघितलं नाही. नुसती वर्षं गेली म्हणून शिकणं होत नाही.

आणि दुसरा एक होता, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबरच शिकायला लागलेला. हात माझ्यापेक्षा चलाख. पहिल्या हंगामात मामा त्याच्यावर जास्त खूश. पण आदण बिघडलं की तो म्हणायचा, ऊस खारवट रानातला होता. नाहीतर युरिया जास्त पडलाय. नाहीतर जळण ओलं. आता खारवट रानाच्या उसाचा गूळ बिघडतो, हे खरंच आहे. युरियानंही बिघडतो. कारणं खरी असायची, म्हणून तर ती जास्त वाईट. प्रत्येक वेळी त्याला एक खरं कारण सापडायचं आणि स्वतःचं बोट तपासायची वेळ यायचीच नाही. चौथ्या हंगामात तो ट्रकवर गेला. ड्रायव्हर चांगला झाला म्हणे.

मी हे सांगितल्यावर पुतणी म्हणाली, "आमच्या वर्गातबी असंच. प्रोग्रॅम चालला नाही की म्हणतात कॉम्प्युटर खराब आहे. पण कॉम्प्युटरला आपण जे सांगतो तेच तो करतो. आपण काय सांगितलं ते आपल्यालाच ठाऊक नसतं." मला हे वाक्य फार आवडलं. आणि एका बाबतीत मला त्या पोरांचा हेवाही वाटला. उसाला पीक यायला बारा ते सोळा-अठरा महिने. शेतकऱ्याच्या अख्ख्या जन्मात ऊस येऊन येऊन तीस-चाळीस वेळा येणार. त्यात पाऊस वेगळा, रान वेगळं, भाव वेगळा. आपलं काय चुकलं हे चाळीस वर्षांनीही धड कळत नाही. गुळव्याला उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. आणि ही पोरगी म्हणते, ती दिवसात शंभर वेळा प्रोग्रॅम चालवून बघते, शंभर वेळा लगेच उत्तर. एवढं लवकर उत्तर देणारा मास्तर आमच्या वाट्याला आला असता तर!

तरी लवकर उत्तर म्हणजे लवकर शिकणं नव्हे. बाजारात २१ दिवसांत प्रोग्रॅमिंग शिका, २४ तासांत शिका अशी पुस्तकं मिळतात. अमेरिकेतले पीटर नॉर्विग म्हणून मोठे जाणकार आहेत, गूगलमध्ये संशोधनाचे प्रमुख होते. त्यांनी या पुस्तकांची थट्टा करून एक लेख लिहिलाय आणि त्याचं नावच ठेवलंय की प्रोग्रॅमिंग स्वतः शिका, दहा वर्षांत. पुतणीनं हे वाचून दाखवलं तेव्हा तिला आधी धक्का बसला. मला मात्र धीर आला. दहा वर्षं लागतात म्हणणारा माणूस निदान येतं तरी म्हणतोय. आणि जे तीन महिन्यांत आलं नाही म्हणून तिला माघारी पाठवत होते, ते दहा वर्षांचं काम होतं.

माझ्या पुरतं मी असं ठरवलंय. कामापुरतं येणं वेगळं, चांगलं येणं वेगळं आणि मामांसारखं येणं वेगळं. लोक या तिन्हीची गल्लत करतात. कामापुरतं जवळजवळ कुणालाही येतं, बसवणारं कुणी असलं आणि रोज हात लागला तर, भाकरीसारखं. चांगलं येण्याला आपलं चुकलेलं रोज उचलून बघायची सवय लागते. ती सवयही शिकता येते, पण ती दुसऱ्याला लावता येत नाही, ज्याची त्यानं लावून घ्यावी लागते. मामांसारखं कुणाला येईल हे मला सांगता येत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात ते ओळखणारा माणूसही मी अजून बघितलेला नाही.

पुतणी पुण्याला परत गेली. तो क्लास तिनं सोडला. दुसऱ्या ठिकाणी एक शिकवणाऱ्या बाई भेटल्या. त्या आधी विचारतात, "हे चालवल्यावर काय होईल? सांग. मग चालव." मी म्हटलं, ह्या आमच्या मामांच्या गुरुबहीण दिसतात. दीड वर्ष गेलं. आता एका लहान कंपनीत ती दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आणि थोडंफार स्वतःही लिहिते. पगार फार नाही, पण खोलीचं भाडं आता भावाला पाठवावं लागत नाही. चांगली प्रोग्रॅमर झालीस का, असं विचारलं तर म्हणते, "अजून नाही आण्णा. कामापुरती झालेय."

आमच्याकडची गुऱ्हाळं एकेक करून बंद पडतायत. ऊस कारखान्याला जातो, मजूर मिळत नाहीत, ते सगळं आहेच. पण ज्यांची चालू आहेत ते म्हणतात, गुळव्या मिळत नाही. गुळव्या जन्मावा लागतो असं पिढ्यान्पिढ्या म्हटलं, म्हणून कुणी घडवायच्या नादाला लागलं नाही. जन्मायची वाट बघत बसले. मी आता काहिलीपाशी उभा राहू शकत नाही, गुडघे दुखतात. पण गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गुऱ्हाळावर खुर्ची टाकून बसत होतो. तिथं जळण घालणारा एक विशीतला पोरगा आहे. आदण उतरायच्या वेळेला मी त्याला हाक मारतो.

"ये इकडं. पान्यात थेंब टाक. हं, बोल आता. झाला का?"